मलावीला लॅपटॉप पाठवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. पुण्यातल्या तुमच्या कंपनीने बदली केलेले ४० लॅपटॉप तुमच्या गटाला दिलेत. सहा जण शनिवार-रविवार काम करायला तयार आहेत, थोडा निधीही जमलाय. सहकाऱ्याच्या ओळखीतून आफ्रिकेतल्या मलावीत, राजधानी लिलाँग्वेजवळच्या एका ग्रामीण रुग्णालयाशी बोलणं झालंय आणि तिथल्या गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य सेवकांसाठी तुम्हाला ॲप करून द्यायचंय. तुम्ही विचारताय ते असं: ॲप अँड्रॉइडवर करावं की वेबवर, लॅपटॉप कसे पाठवावेत आणि 'तिथे कुठलं तंत्रज्ञान चालेल'.

मी या कामात एकवीस वर्षं आहे. सुरुवात कोल्हापूर जिल्ह्यात झाली, नंतरची बरीच वर्षं आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात आरोग्याच्या नोंदींची व्यवस्था लावण्यात गेली. तुमच्या तीनही प्रश्नांची उत्तरं देतो, पण ते प्रश्न तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचे आहेत. पहिल्या पायरीवरचा प्रश्न असा: आरोग्य सेविकेने तुमच्या ॲपमधून निरोप पाठवला, तर पलीकडे तो वाचणार कोण, आणि वाचून करणार काय? याचं उत्तर एका माणसाच्या हुद्द्यासकट देता येत नसेल, तर अँड्रॉइड आणि वेब दोन्ही सारखंच निरुपयोगी आहे.

लॅपटॉपचं आधी उरकतो. पाठवू नका. चार-पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी थकलेली असते, आणि बॅटरीशिवाय लॅपटॉप म्हणजे जड टायपरायटर. मलावीत बहुतेक घरांत वीज पोचलेलीच नाही, आणि जिथे आहे तिथे ती शिरे नदीवरच्या जलविद्युत केंद्रांच्या भरवशावर. जानेवारी २०२२ मध्ये ॲना वादळात कपिचिराचं केंद्र बंद पडलं आणि देशाच्या विजेचा जवळपास तिसरा हिस्सा एका फटक्यात गेला. त्यात वाहतूक, जकात, सुटे भाग आणि चार्जरच्या पिना. शिवाय घातक कचऱ्याच्या ने-आणीवरच्या आंतरराष्ट्रीय बाझल कराराच्या नव्या नियमांनुसार १ जानेवारी २०२५ पासून ई-कचरा दुसऱ्या देशात न्यायचा तर त्या देशाची आधी संमती लागते. तपासून घेतलेला चालू लॅपटॉप कचऱ्यात मोडत नाही, पण तो चालू आहे हे दाखवायचं काम तुमचंच. त्यापेक्षा ते इथेच विका किंवा इथल्या एखाद्या गरजू वाचनालयाला द्या आणि विक्रीचे पैसे प्रवासासाठी ठेवा. प्रवास का, ते शेवटी सांगतो.

जुनी यंत्रं कधीच चालत नाहीत असं मात्र नाही. याच लिलाँग्वेत, कामुझू सेंट्रल हॉस्पिटलमध्ये, 'बाओबाब हेल्थ'च्या मंडळींनी अमेरिकेत डॉटकॉमच्या लाटेत आलेली आणि मग कुणालाच नको झालेली स्वस्त इंटरनेट-यंत्रं आणून त्यांना टचस्क्रीन बसवले, बॅटरीवर चालतील अशी सोय केली आणि नर्सला टंकलेखन न येता बोटाने नोंद करता येईल असं सॉफ्टवेअर लिहिलं. ते टिकलं. पण ती माणसं रुग्णालयातच बसून, नर्सच्या खांद्यावरून बघत ते बनवत होती. पार्सल आल्यावर काय करायचं याचा विचार त्यांना करावा लागला नाही, कारण पार्सल मागवणारे तेच होते.

आता मुख्य गोष्ट. माझी शाळा वारणानगरची म्हणता येईल, जरी मी तिथे नोकरी कधी केली नाही. १९९८ मध्ये तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. कोल्हापूर-सांगली भागातली ७० गावं आणि गावांत संगणक केंद्रं. बेत मोठा होता: शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, सगळं गावात. मी पाहायला गेलो तेव्हा केंद्रातला शेतकरी एवढंच विचारत होता: माझ्या उसाचं वजन किती भरलं, तोड कधी मिळणार, खताची उधारी किती झाली, बिल कधी निघणार. बाकीच्या बेताकडे कुणी फिरकत नव्हतं. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणक काढले आणि तीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसने दिली. खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं.

तेव्हा मी यातून 'संगणकापेक्षा मोबाइल चांगला' असा धडा घेतला. तो वरवरचा होता हे कळायला बरीच वर्षं लागली. संगणक असो वा एसएमएस, उसाचीच माहिती का चालली? कारण पलीकडे साखर कारखाना होता. वजन नोंदणं, तोडीची टोळी पाठवणं, बिल काढणं हे त्याचं रोजचं, बांधील काम. शेतकऱ्याने विचारलं की उत्तर द्यायला माणूस होता, आणि उत्तर मिळालं की शेतकऱ्यालाही पुढे काहीतरी करता येत होतं. शेतीच्या सल्ल्यामागे असं कुणीच उभं नव्हतं.

ही कसोटी इतरत्र लावून बघा. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ पासून मोबाइलचे मनोरे उभे राहिले. त्याआधीचा एका अर्थतज्ज्ञाने टिपलेला एक दिवस आहे, १४ जानेवारी १९९७: वडकऱ्याच्या किनाऱ्यावर ११ मच्छीमार गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी टाकून द्यायच्या बेतात, आणि त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांत २७ गिऱ्हाइकं रिकाम्या हाताने परतायच्या तयारीत. फोन आल्यावर होड्या समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागल्या. पूर्वी ५ ते ८ टक्के मासळी वाया जायची, ते जवळपास थांबलं. मच्छीमाराचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. यात कुठलीही संस्था नव्हती, ॲप नव्हतं, प्रशिक्षण शिबिर नव्हतं.

आता आपल्याकडचं. 'रॉयटर्स मार्केट लाइट' ही सेवा २००७ पासून शेतकऱ्यांना मराठीत बाजारभाव आणि हवामानाचे एसएमएस पाठवायची. महाराष्ट्रातल्या १०० गावांत तिचा नीट अभ्यास झाला. काही गावांतल्या शेतकऱ्यांना वर्षभर सेवा फुकट दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. कांदा, टोमॅटो, डाळिंब, सोयाबीन, गहू अशी पिकं होती. शेतकऱ्याच्या हातात पडलेल्या भावात सांगण्यासारखा फरक सरासरीने आढळला नाही. माहिती खोटी नव्हती. पण माझ्या मते, ज्याने आडत्याकडून उचल घेतलीय, ज्याची गाडी ठरलेली आहे आणि ज्याच्या टप्प्यात एकच बाजार समिती आहे, त्याला दुसरीकडचा भाव कळून फक्त हळहळ वाढते. होडीला सुकाणू फिरवता येतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तितकं सहज येत नाही.

तुमच्या मलावीकडे येऊ. तुम्ही ज्यांना आरोग्य सेवक म्हणताय त्यांना तिथे एचएसए म्हणतात. ते आपल्या आशाताईंसारखे, पण पगारी सरकारी नोकर. धोरणाप्रमाणे हजार लोकसंख्येमागे एक असायला हवा, प्रत्यक्षात एकेकावर त्याहून बरीच जास्त माणसं येतात. लसीकरण तेच करतात आणि दुर्गम गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचा छोटा दवाखानाही तेच चालवतात: मलेरियाच्या गोळ्या, ओआरएस, झिंक, न्यूमोनियाचं औषध. वाहन म्हणजे सायकल.

यांच्यासाठी आणि यांच्यासारख्या गावपातळीवरच्या माणसांसाठी झालेली दोन कामं तुम्ही बारकाईने अभ्यासावीत. पहिलं लिलाँग्वेच्या पश्चिमेला नामिटेटेचं सेंट गॅब्रिएल्स मिशन रुग्णालय. त्याच्या भरवशावर सुमारे अडीच लाख माणसं. २००८ मध्ये तिथल्या ७५ गावपातळीवरच्या स्वयंसेवकांना साधे फोन दिले. रुग्णालयात एक लॅपटॉप, त्याला जोडलेला मोडेम आणि 'फ्रंटलाइनएसएमएस' नावाचं फुकट सॉफ्टवेअर. इंटरनेट लागत नव्हतं. स्वयंसेवक कळवायचा, अमुक क्षयरोगी गोळ्या घ्यायचा थांबलाय. नर्स तिकडून उत्तर द्यायची किंवा मोटारसायकल काढायची. पहिल्या सहा महिन्यांत कर्मचाऱ्यांचे सुमारे १,२०० तास वाचले. लॅपटॉप किती लागले? एक. आणि त्याच्यासमोर बसणारी नर्स आधीपासून नोकरीवर होती, घरोघरच्या रुग्णांची जबाबदारी आधीपासून तिचीच होती. पूर्वी ते निरोप माणसं मैलोन्‌मैल चालत येऊन द्यायची, एवढाच फरक.

दुसरं काम 'सीस्टॉक'. माझ्या मते या क्षेत्रातलं हे सर्वांत शिकवणारं काम आहे, म्हणून जरा थांबतो. एचएसएची खरी अडचण औषधाची. गोळ्या संपल्या की सायकल मारत आरोग्य केंद्रावर जायचं, आणि तिथे कळायचं की त्यांच्याकडेही नाहीत. चिखलातून परत. २०११ मध्ये सहा जिल्ह्यांत अशी सोय झाली: एचएसएने स्वतःच्याच साध्या फोनवरून, कुठलं औषध किती उरलंय ते ठरावीक अक्षरांत एसएमएस करायचं. संगणक हिशेब करून किती लागेल ते केंद्रातल्या माणसाला कळवायचा. तो माल काढून ठेवायचा आणि 'तयार आहे' म्हणून उत्तर द्यायचा. मगच सायकल काढायची. माल नसेल तर तेही कळायचं.

पण खरी मजा पुढे आहे. सहापैकी तीन जिल्ह्यांत एसएमएसबरोबर वाहतुकीवर भर दिला होता, म्हणजे सायकलची देखभाल कशी करायची वगैरे. उरलेल्या तीन जिल्ह्यांत एचएसए, केंद्र आणि जिल्हा अशा पातळ्यांवरच्या माणसांचे गट केले. ते नियमाने आकडे समोर घेऊन बसायचे: कुणाचं औषध का संपलं, कुणी कळवलं नाही, का नाही. एसएमएसची व्यवस्था दोन्हीकडे तीच. औषधांचा खडखडाट कमी झाला तो जिथे माणसं बसून बोलत होती तिथे, आणि कळवण्याचं प्रमाणही तिथेच जास्त. एचएसएला दिसत होतं की आपण पाठवलेल्या आकड्याचं काहीतरी होतंय. कागदाचे अहवाल वर्षानुवर्षं वर पाठवून कधीच उत्तर न आलेल्या माणसाला ही केवढी नवलाई, ते आपल्या तलाठ्याला किंवा अंगणवाडीताईला विचारा.

अंगणवाडीवरून आठवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल गठ्ठ्याने परत केले. फोनची मेमरी तोकडी, ॲप त्यात मावेना, आणि 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत. लोकांनी तेव्हा 'तंत्रज्ञानाला विरोध' म्हणून नाकं मुरडली. त्याच बायका घरी मुलांच्या शाळेचे व्हॉट्सॲप गट चालवत होत्या. तुमच्या ॲपची भाषा चिचेवा असणार आहे का? इंग्रजी सरकारी भाषा आहे म्हणून भागवू नका.

माझी स्वतःची फजितीही सांगतो. २०१४ मध्ये एका देशात आम्ही गरोदर बायकांच्या नोंदीसाठी केंद्राकेंद्रांत टॅब्लेट दिले. देश आणि संस्था सांगत नाही. पहिले दोन महिने आकडे सुरेख. तिसऱ्या महिन्यात मी नोंदींच्या वेळा काढून पाहिल्या, तर एका केंद्राच्या सगळ्या नोंदी रविवारी दुपारच्या. गेलो. नर्सबाई आठवडाभर सरकारी रजिस्टर भरत होत्या, कारण ते बंद करण्याचा अधिकार आम्हाला नव्हता, आणि रविवारी त्यांचा शाळकरी मुलगा रजिस्टर बघून टॅब्लेट भरत होता. आम्ही काम वाचवायला गेलो आणि दुप्पट करून ठेवलं. मुलगा मात्र हुशार होता, एकही चूक नाही. तेव्हापासून कुठल्याही बैठकीत मी आधी विचारतो: हे आल्यावर कुठलं रजिस्टर बंद होणार? ते बंद करायची सही कुणाची?

तुमच्या बाबतीत ही सही बहुधा रुग्णालयाची नसेल, आरोग्य मंत्रालयाची असेल. इथे आणखी एक सावधगिरी. शेजारपाजारच्या देशांना तुमच्या-माझ्यासारख्यांचा पूर्वानुभव आहे. युगांडात इतक्या संस्था इतके प्रायोगिक ॲप घेऊन आल्या की जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने सरळ आदेश काढला: मंजुरीशिवाय असे सगळे प्रकल्प थांबवा. एकेका सेविकेकडे तीन संस्थांचे तीन फोन असतील तर दुसरं काय करणार? मलावीची राष्ट्रीय आरोग्य माहिती 'डीएचआयएस२'मध्ये जाते. ही व्यवस्था वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली, ऑस्लो विद्यापीठाने वाढवली, आणि आज कितीतरी देश ती वापरतात. श्रीलंकेने २०२० च्या सुरुवातीलाच तिच्यावर कोविडच्या प्रवाशांची नोंद उभी केली आणि ते काम पुढे अनेक देशांनी उचललं. ती खुली आहे आणि जावात लिहिलेली आहे. तुमच्यापैकी निम्मे जण तेच करत असणार. नवं ॲप बांधण्यापेक्षा, रुग्णालयाच्या नोंदी डीएचआयएस२मध्ये दुसऱ्यांदा न लिहिता जातील एवढीशी जोडणी करून दिलीत, तर ती कदाचित तुमची सर्वांत मोठी भेट ठरेल. त्यावर तुमचं बोधचिन्ह नसेल, याची गटात आधीच चर्चा करून टाका.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. रुग्णालय मिशनचं आहे की सरकारी, यावर सही कुणाची ते ठरेल. त्या भागातल्या एचएसएंकडे स्मार्टफोन आहेत का, आणि चार्जिंगला पैसे कोण देतं? गावातल्या टपरीवर फोन चार्ज करायलाही पैसे पडतात, आणि आठवड्यातून दोनदाच चार्ज होणाऱ्या फोनवर साधा एसएमएस किंवा यूएसएसडी (* आणि # दाबून साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय चालणारी सेवा) हेच तंत्रज्ञान. नेटवर्क एअरटेल किंवा टीएनएमचं असेल. होय, आपलंच एअरटेल, भारतीने २०१० मध्ये आफ्रिकेतलं जाळं विकत घेतलं तेव्हापासून. आणि तुमच्यातला मुख्य प्रोग्रॅमर दोन वर्षांनी कॅनडाला गेला तर दुरुस्ती कोण करणार? माझा ठोकताळा असा: बनवायला जेवढे पैसे लागतील, त्याच्या निदान तिप्पट पुढच्या तीन-चार वर्षांच्या वापराला लागतात. डेटा, सिमकार्ड, फुटलेले फोन, बदलून गेलेल्या माणसांच्या जागी आलेल्यांचं शिक्षण. तुमचा निधी यात बसत नसेल तर काम लहान करा, वर्षं कमी करू नका.

लहान सुरुवातीचा आणखी एक फायदा असतो. केनियातलं एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सेवा, आज सगळ्यांना माहीत आहे. ('पेसा' म्हणजे आपला पैसाच, हिंदी महासागर ओलांडून स्वाहिलीत गेलेला.) २००५ मध्ये त्याची चाचणी झाली ती लघुकर्जाचे हप्ते फोनवरून भरण्यासाठी. लोकांनी हप्त्यांपेक्षा एकमेकांना पैसे पाठवायला ते जास्त वापरलं. करणाऱ्यांनी ते पाहिलं, हप्त्यांचा भाग बाजूला ठेवला आणि मार्च २००७ मध्ये 'घरी पैसे पाठवा' म्हणत सेवा सुरू केली. उलट पेरूने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांना वाटले. ३१९ शाळांत झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. एकदा लाखांत वाटून झाल्यावर, लोक त्याचं काय करतायत ते बघून बेत बदलायला वाव उरत नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर हे केलं असतं. रुग्णालयाच्या प्रमुखाला पत्र लिहून तीनच गोष्टी विचारल्या असत्या: गावातून येणारा निरोप आज तुमच्याकडे कोण वाचतं, मागच्या महिन्यात कुठलं औषध संपलं, आणि कुठली वही बंद झाली तर तुमची माणसं तुमचं नाव घेतील. मग सहापैकी दोघांना, त्यातला एक तरी प्रोग्रॅमर नसावा, लॅपटॉप विकून आलेल्या पैशांत तीन आठवड्यांसाठी पाठवलं असतं. फेब्रुवारीत. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल असतो, त्या दिवसांत रस्ते तुटतात, मलेरिया वाढतो आणि घरातलं मक्याचं पीठ संपत आलेलं असतं. कोरड्या दिवसांत गेलात तर सगळं सुरळीत दिसेल आणि तुम्ही चुकीचं ॲप बनवाल.

रोज एका एचएसएबरोबर सायकलवर जा. फोन खिशात ठेवा, शंभर पानी वही न्या. तिच्या पिशवीत किती रजिस्टरं आहेत, कुठलं ती दारात उघडते आणि कुठलं रात्री घरी बसून भरते, ते लिहा. परत आलात की ती वही घेऊन या. अँड्रॉइड की वेब, ते आपण चहा पिता-पिता ठरवू.